टेपताई आणि अडतीस हजार पुस्तकं

टेपताईला धड वाचता येत नाही हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, आणि तेही एका परक्या बाईच्या दारात पलंग उतरवून झाल्यावर.

तेव्हा त्यांच्याकडे एकच टेम्पो होता. नवरा चालवायचा आणि ती शेजारी पत्त्याची चिठ्ठी घेऊन बसायची. एका कुटुंबाचं बिऱ्हाड हलवायचं होतं, मंडळी मागून रिक्षाने येणार होती. गल्लीच्या तोंडाशी नवऱ्याने विचारलं, "कितवं घर?" ती ठामपणे म्हणाली, "बत्तीस." पलंग उतरला, दोन खुर्च्या उतरल्या, आरसा उतरला. मग बत्तीस नंबरचं दार उघडलं आणि ओल्या हातांची एक बाई बाहेर येऊन बघतच राहिली.

"हे काय?"

"तुमचं सामान, बाई," नवरा म्हणाला.

"माझं सामान माझ्या घरात आहे."

त्याने चिठ्ठी मागून घेतली. ठसठशीत आकड्यांत तेवीस लिहिलं होतं. "अगं, तेवीस आहे की हे!"

"हो का," ती म्हणाली आणि एक खुर्ची उचलून गुपचूप टेम्पोकडे चालू लागली.

सगळं परत चढवून झालं. गाडी सुरू करायच्या आधी त्याने विचारलं, "बरं नाही का तुला?" तेव्हा तिने एकदाचं सांगून टाकलं. "आकडे मला सरळच दिसतात हो. पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत जागा बदलतात. अक्षरांचं तर विचारूच नका. म आणि भ शेजारी आले की कोण कुठला ते ठरवायला थांबावं लागतं. ओळ संपेपर्यंत ती कुठून सुरू झाली होती तेच विसरते."

मग त्याला काहीतरी आठवलं. "लग्नाआधी मी तुला चिठ्ठ्या द्यायचो. कारखान्यात, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात खोचून."

"हो."

"त्या कोणी वाचल्या?"

"धाकटीने."

"सगळ्या?"

"एक तर तिने दोनदा वाचली. छान लिहिलंय म्हणाली."

तेवीस नंबर आला तरी त्याचे कान लालच होते.

धाकटी म्हणजे टेपताईची बहीण, दोन वर्षांनी लहान. शाळेत असताना दोघी घराच्या मागच्या पायरीवर बसायच्या. धाकटी मोठीच्या इयत्तेचा धडा मोठ्याने वाचायची आणि मोठी तो ऐकून पाठ करायची. कान असे तिखट की दोन वेळा ऐकलं की धडा तोंडपाठ. वर्गात उभं केलं की ती पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणून दाखवायची. हे सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना दिसलं की पोरगी म्हणतेय नववा धडा आणि पुस्तक उघडलंय चौदाव्यावर. वर्ग हसून हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, हिला दिसत नसेल.

आई तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंगं बदलून बदलून पाहिली आणि म्हणाले, "हिला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसतेय. डोळे उत्तम आहेत."

"मग वाचत का नाही?" आईने विचारलं.

"ते डोळ्यांचं काम नाही."

"मग कोणाचं काम आहे?" खुर्चीवर बसलेल्या मुलीने विचारलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. प्रश्न मात्र तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागली. तिथे सपाट पुठ्ठे यायचे, त्यांना घड्यांच्या रेघा पाडायच्या, कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. पहिल्याच महिन्यात मुकादमाने नव्या खोक्याचा आराखडा टेबलावर पसरला आणि ती पलीकडून जाता जाता म्हणाली, "हे झाकण बंद होणार नाही." मुकादम खेकसला. तयार झालेल्या पहिल्या खोक्याचं झाकण दोन बोटं आखूड पडलं. "तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. तिलाच नवल वाटलं, कारण त्यात कळण्यासारखं काय होतं? सपाट पुठ्ठा बघितला की तो तिच्या डोळ्यांसमोर आपोआप उभा राहून दुमडायचा. तिला वाटलं होतं, सगळ्यांनाच तसं दिसतं. जसं सगळ्यांना वाटतं की वाचणं सोपं आहे.

त्या कारखान्यात ती नऊ वर्षं होती. खोकी घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याशी तिचं जमलं ते तिथेच. लग्नानंतर त्याच्या ओळखीतल्या एकाने घर बदललं. नवरा सामानाकडे बघून म्हणाला, "तीन खेपा." ती दारात उभी राहिली, खोलीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, "एक. पण कपाट आडवं घाला आणि टेबलाचे पाय काढा." एका खेपेत सामान गेलं. वर तिला स्वतःला बसायला जागा उरली.

इथून त्यांचा धंदा सुरू झाला. कमरेला कायम मोजायची टेप लटकत असायची म्हणून लोक तिला टेपताई म्हणू लागले, आणि पुढे गाड्यांच्या अंगावरही तेच नाव आलं. एकाचे पाच ट्रक झाले, गोदाम झालं, तीस माणसं झाली. हे कशाने झालं, असं कोणी विचारलं तर गिऱ्हाइकं एकच सांगत: खुणा.

इतर सामानवाले खोक्यांवर लिहीत. 'स्वयंपाकघर', 'कपडे', 'किरकोळ'. निम्म्या खोक्यांवर 'किरकोळ'च असे, आणि नव्या घरात माणूस चार दिवस दात घासायचा ब्रश शोधत फिरे. टेपताई आधी नवं घर बघून यायची. प्रत्येक खोलीला एक रंग, दारावर त्या रंगाचा कागद. खोक्याच्या तीन बाजूंना त्याच रंगाचा चौकोन, आणि चौकोनात एक ठिपका. चौकोन म्हणजे खोली, ठिपका म्हणजे खोलीतली जागा. खिडकीखाली तर खिडकीखाली, उजव्या कोपऱ्यात तर उजव्या कोपऱ्यात. हमाल नवा असो, जुना असो, खोकं जिथल्या तिथे जाऊन बसायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना नव्या घरात पाच मिनिटांत त्यांचा दाढीचा ब्रश सापडला. तेवढ्यावर त्यांनी आपल्या अख्ख्या सोसायटीची गिऱ्हाइकी मिळवून दिली.

लोकांना वाटे, बाईने गिऱ्हाइकांच्या सोयीचं काय डोकं लढवलंय! खरं म्हणजे तिने ते आपल्या सोयीसाठी केलं होतं. 'स्वयंपाकघर' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वाचायचा म्हणजे तिचा जीव मेटाकुटीला आला असता.

ऑफिसचं सगळं धाकटीकडे होतं. पत्रं, करार, फोनवर आलेले निरोप, सगळं तीच वाचायची आणि टेपताई डोळे मिटून ऐकायची. बाहेर कोणी कागद पुढे केलाच तर ठरलेली उत्तरं होती. "चष्मा विसरले." "यांना दाखवून सांगते." "ठेवून जा, सवडीने बघते." तीस माणसांपैकी एकालाही संशय नव्हता.

पण तिची एक खोड होती. रिकाम्या झालेल्या घरात, खोक्यांवर बसून गिऱ्हाइकाबरोबर चहा घेताना ती हळूच विचारायची, "एक विचारू? तुम्ही वाचता तेव्हा तुमच्या डोक्यात नेमकं काय होतं?" लोक आधी हसायचे. मग विचारात पडायचे. कोणी सांगे, मला माझाच आवाज ऐकू येतो. कोणी सांगे, आवाज नाही, चित्रं. एक वकीलबाई म्हणाल्या, "मला काहीच होत नाही, अर्थ सरळ आत येतो," आणि हे आपल्याला आजवर माहीतच नव्हतं म्हणून स्वतःच चकित झाल्या. टेपताईला कधी न गेलेल्या गावाची हकीकत ऐकल्यासारखं वाटे.

ती पन्नाशीला आली तेव्हा ग्रंथालयाचं काम आलं. शहरातलं मोठं, जुनं ग्रंथालय दोन रस्ते पलीकडच्या नव्या इमारतीत जाणार होतं. अडतीस हजार पुस्तकं. अट एकच, पण कडक. दहा दिवसांत दारं उघडायची आणि प्रत्येक पुस्तक आपल्या क्रमाने जागेवर हवं. दोन कंपन्या पाहून गेल्या होत्या. त्यांनी मुदत वाढवून मागितली होती.

ज्या दिवशी भेट ठरली, त्याच दिवशी धाकटीची दाढ काढली. गाल सुजून लाडू. टेपताई एकटी गेली. ग्रंथपाल निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. त्यांनी कपाटं दाखवली. ती दोन तास टेप घेऊन कपाटांमधून फिरली, पुस्तकांना हात न लावता. मग त्यांनी टेबलावर अटींचा कागद ठेवला.

"वाचून घ्या. पटलं तर सही करा."

"चष्मा विसरले हो."

ग्रंथपालांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चष्मा लावणाऱ्यांच्या नाकावर खूण पडते, बाई. मी चाळीस वर्षं वाचणारे लोक बघतोय."

टेपताईने टेप गुंडाळून कमरेला अडकवली. उठून जाता आलं असतं. पण कपाटांमधून फिरताना तिला एक गोष्ट खटकली होती, आणि ती विचारल्याशिवाय तिला जाववेना. ती म्हणाली, "मला वाचायला वेळ लागतो. ह्या पानाला अर्धा तास तरी लागेल."

"मग बसा. मला कुठे जायचंय?"

चाळीस मिनिटं लागली. ती बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक ओळ दोनदा करत वाचत होती. ग्रंथपाल समोर बसून पेन्सिलींना टोक करत होते. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पान संपल्यावर तिने सातव्या अटीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, एका जुन्या फळीवरची पुस्तकं एका नव्या फळीवर. नव्या फळ्या किती लांब आहेत?"

"असतील ह्याच मापाच्या."

"कोणी मोजल्यात?"

कोणीच मोजल्या नव्हत्या. दोघं उठून चालत नव्या इमारतीत गेली. जुनी फळी तीन फूट होती. नवी निघाली दोन फूट नऊ इंच. ग्रंथपालांनी ती स्वतः पुन्हा मोजली. प्रत्येक फळीवरची तीन इंच पुस्तकं पुढच्या फळीवर सरकणार, तिथली त्याच्या पुढच्या, आणि शेवटी सगळाच क्रम कोलमडणार. "म्हणजे एकाला एक फळी धरून नेलं असतं तर..." ते म्हणाले.

"पहिल्याच दिवशी अडकलो असतो. पण साहेब, तुम्ही फळ्या बघताय. फळ्या विसरा. सगळी पुस्तकं एकापुढे एक उभी केली तर ती एकच लांब रांग आहे. मी मोजली, तीन हजार शंभर फूट. फळी म्हणजे ती रांग जिथे मोडते ती जागा. इथे तीन फुटांवर मोडत होती, तिथे जरा अलीकडे मोडेल. आपण रांग न्यायची."

ग्रंथपालांनी खिशातून एक पेन्सिल काढली आणि तिच्याकडे बघत ती परत ठेवली.

रांग कशी न्यायची ते तिने असं ठरवलं. दीड फुटाची तीनशे खोकी, तीच फिरवून सात खेपा. एका खेपेची खोकी भरली की ती जमिनीवर क्रमाने एकाला एक चिकटून मांडायची, आणि पहिल्या खोक्याच्या खालच्या कोपऱ्यापासून शेवटच्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत खडूने एकच लांब तिरकी रेघ ओढायची. प्रत्येक खोक्यावर रेघेचा एक बारका तुकडा येणार, शेजारच्यापेक्षा किंचित वर. नव्या इमारतीत खोकी मांडली आणि रेघ सलग दिसली म्हणजे क्रम बरोबर. कुठे पायरी पडली तर खोकं चुकलं. सात खेपांना सात रंग. माणसांना एक अक्षर वाचायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल नव्या दालनात उभे राहून हिरव्या रेघेकडे बघत होते. मध्येच तुटल्यासारखी दिसली. त्यांनी दोन खोक्यांची अदलाबदल केली, रेघ जुळली, आणि ते लहान मुलासारखे हसले. नवव्या दिवशी शेवटचं पुस्तक जागेवर गेलं. त्यांनी मनाला येईल तिथे थांबून शंभर पुस्तकं तपासली. शंभरच्या शंभर जागेवर. आपल्या वहीत त्यांनी ते लिहून ठेवलं, तारखेसकट.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तीही हलवायची होती. तिथे एक बाई बसायच्या, मुलांच्या वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या. टेपताई ती खोली बांधायला स्वतः गेली. छोट्या खुर्च्या, लाकडी ठोकळे, कार्डांचे गठ्ठे. तिने एक कार्ड उचललं, वाचायचा प्रयत्न केला आणि थबकली. "टो-म-फी. हे काय असतं?"

"काही नसतं," बाई म्हणाल्या. "मुद्दाम बनवलेले शब्द आहेत."

"कशाला?"

"खरे शब्द मुलं पाठ करून ठेवतात, अंदाजाने म्हणतात. हा कोणी पाठ केलेला नसतो. खरंच वाचता येतं का ते कळतं."

टेपताईला नववा आणि चौदावा धडा आठवला. "मोठ्या माणसांची घेता का ही परीक्षा?"

"घेईन की. पण मोठी माणसं येत नाहीत."

"मी आले तर?"

ग्रंथालय उघडल्यावर पुढच्या आठवड्यात, दोन सकाळी, ती त्या लहान खुर्चीवर बसली. बाईंनी विचारलं, "'पुस्तक' म्हणा. आता त्यातला 'स' काढून म्हणा." अडतीस हजार पुस्तकं हलवणाऱ्या बाईला पुस्तकातला एक 'स' हलवता येईना. पुक, पुसक, पुतस. कपाळावर घाम आला. मग बाईंनी लाकडी ठोकळे पुढे ठेवले आणि एका चित्रासारखी रचना करायला सांगितली, तर बाईंचा हात घड्याळाकडे जाईपर्यंत हिची रचना तयार.

शेवटी बाईंनी सांगितलं, "याला डिस्लेक्सिया म्हणतात."

"परत म्हणा?"

बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. टेपताईने ते बोट ठेवून वाचलं आणि हसत सुटली. "ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दुखण्याला वेलांट्या, मात्रा आणि वर दोन जोडाक्षरं? हे नाव ठेवलं कोणी?"

"दुखणं नाही ते," बाईही हसत म्हणाल्या. "डोळ्यांचं नाही, बुद्धीचं नाही. ऐकलेला आवाज आणि लिहिलेली खूण यांची गाठ मारायला तुमच्या मेंदूला जास्त वेळ लागतो. जन्मापासून."

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांनी मिळालं होतं. टेपताईने तो कागद घडी करून घेतला. मग तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "आणि मला खोकी दिसतात, खोली बघितली की ट्रक भरलेला दिसतो, ते त्याच्यामुळेच का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"काही लोक तसं ठामपणे सांगतात. पण शोधणाऱ्यांना ते पक्कं सापडलेलं नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांना वाचनही जमत नाही आणि ठोकळेही जमत नाहीत. तुम्ही नऊ वर्षं पुठ्ठे दुमडलेत, त्यानेही असेल. दोन्हीने असेल."

एवढं छान उत्तर समोर असताना ह्या बाई ते देत का नाहीत, म्हणून टेपताईला त्यांचा थोडा रागच आला. पण घरी जाताना वाटेत तिला ते उत्तर आवडायला लागलं. न सुटलेली गोष्ट तिला नेहमीच आवडायची.

निघताना बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असं होतं का? "छे," ती म्हणाली होती. "वडील सुतार होते, पण रोज पेपर वाचायचे." संध्याकाळी ती आईकडे गेली आणि सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत ऐकत होती.

"वाचायचे कुठे?" आई म्हणाली. "धरायचे."

"म्हणजे?"

"पान उलटताना बघितलंस कधी?"

टेपताईने आठवून पाहिलं. खुर्ची, उघडा पेपर, त्यामागे वडील, अर्धा तास, तेच पान.

"शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांच्यासाठी चिठ्ठी दिली होती," ती सावकाश म्हणाली. "बघतो म्हणाले आणि खिशात घातली. शाळेत गेलेच नाहीत. मला वाटलं, माझी फिकीर नाही त्यांना."

"जाऊन काय बोलणार होते? चिठ्ठीत काय आहे तेच ठाऊक नाही."

"तू वाचायचीस ना!"

"मला दाखवली असती तर वाचली असती. आणि मी होऊन मागितली असती तर त्यांना कबूल करावं लागलं असतं." आईने सोललेले दाणे वाटीत सारले. "तुझ्या खोक्यांवरच्या खुणा बघून मला हसू यायचं. त्यांच्या सुतारकामाच्या फळ्यांवर असंच असायचं. ठिपके, चौकोन."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

शहरातल्या निम्म्या घरांत चहा पिऊन लोकांच्या डोक्यात काय चालतं ते विचारत फिरलेल्या टेपताईने हे घर तेवढं सोडलं होतं. तिने समोरच्या शेंगांमधली मूठभर उचलली आणि आईबरोबर सोलत बसली.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा ग्रंथालयातल्या त्या बाईंकडे जायला लागली. लहान मुलांसारखी पुठ्ठ्याची अक्षरं, बोटाने वाळूत गिरवणं, आवाज सुटे करणं. पन्नाशीत. तिला मजा येत होती. मात्र धाकटी गप्प गप्प राहू लागली.

एक दिवस ऑफिसात एका कॉलेजचं पत्र आलं. धाकटीने सवयीने हात पुढे केला.

"थांब," टेपताई म्हणाली. "मी बघते."

ती बोट ठेवून वाचत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धाकटीने पेन टेबलावर ठेवलं, जरा जोरातच. "मग मी काय करू?"

"तुझं दुसरं काम नाही का?"

"माझं काम हेच आहे, ताई! आठवं लागलं होतं मला तेव्हापासून तुझं वाचतेय. आधी धडे, मग भावजींच्या चिठ्ठ्या, मग हे करार. तू वाचायला लागलीस तर मी इथे कोण?"

टेपताईने पत्र खाली ठेवलं. "कंटाळली होतीस?"

"कधीची. पण ते तुला कसं सांगणार?" धाकटीचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा रागही येत होता. "मला वाटायचं, मी नसले तर तू अडशील. आता तू अडणार नाहीस, तर मला बरं वाटायला हवं ना? नाही वाटत."

टेपताईने तिची समजूत घालणारं काही सांगितलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिने विचारलं, "तुला काय करायचंय?"

धाकटीने टेबलावरचं पत्र आपल्याकडे ओढलं. मग नाक पुसून म्हणाली, "हे कॉलेजचं काम. त्यांच्या ग्रंथालयाचं. पूर्ण मी करते. मोजण्यापासून."

"तुला मोजता येतं?"

"नाही. तू शिकव."

"माझं शिकवणं म्हणजे... मला दिसतं, कसं ते सांगता येत नाही."

"मला तरी तुला वाचायला शिकवता कुठे आलं?" धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ग्रंथपालांची वही बहुतेक हातोहात फिरली असावी, कारण त्या वर्षी तीन कॉलेजं, एक जुनं नोंदणी कार्यालय आणि एक संगीत शाळा, अशी पाच कामं आली. पुस्तकं आणि कागदपत्रं हलवायचं वेगळं खातं निघालं, अकरा माणसांचं, धाकटीच्या हाताखाली. टेपताई आता आपले करार आपण वाचते. पानाला पंचवीस मिनिटं लागतात, आणि काही दिवस असे येतात की अक्षरं जुमानतच नाहीत. त्या दिवशी ती कागद मिटवते आणि समोरच्याला सरळ सांगते, उद्या या.

धाकटीचं ते पहिलं काम मात्र सुखासुखी झालं नाही. शेवटच्या दुपारी कॉलेजच्या नव्या दालनात सगळ्या फळ्या भरल्या आणि एका खोक्यात नकाशांची तीन-चार मोठी पुस्तकं उरली. हिशेब चार इंचांनी चुकला होता. माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. टेपताई तिथेच होती. तिला दारातूनच जागा दिसली होती, वरच्या फळीवर डावीकडे, पुस्तकं जरा आवळली की होईल अशी. मग "चहा पिऊन येते" म्हणून ती बाहेर गेली.

तासाभराने ती परतली तेव्हा खोकं रिकामं होतं. वरची फळी तशीच होती. टेपताई दोनदा सगळीकडे फिरली, तिला नकाशे दिसेनात.

"कुठे ठेवलेस?"

धाकटीने खिडकीच्या बाजूला बोट दाखवलं. कपाटाच्या तळाशी, पायांच्या मागे, एक अरुंद पोकळी होती. मोठी पुस्तकं तिथे आडवी, एकावर एक, बरोबर बसली होती.

"ही मला दिसलीच नव्हती," टेपताई म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून आत डोकावली, आणि हात घालून ती पोकळी किती खोल आहे ते चाचपून बघू लागली.